लेझर नागपुरात, धूळ यवतमाळात

मायनस पाचचा चष्मा असणाऱ्या माणसाला चष्मा काढल्यावर कुठवर नीट दिसतं? वीतभर. एका मीटरला पाचाने भागा, 20 सेंटिमीटर येतात. तिथपर्यंत जग लख्ख, त्यापुढे धुकं. मायनस दोनवाल्याचं लख्ख जग अर्धा मीटर, म्हणजे हातभर. मायनस एकवाल्याचं मीटरभर. चष्म्याच्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे आपल्या नजरेच्या शिवेचा दगड, हे मला भाचीमुळे कळलं. मग मी घरातल्या सगळ्यांच्या शिवा मोजून काढल्या.

भाचीची शीव वीतभर. सातवीत चष्मा लागला, वर्गात पोरं ‘ढापणी’ म्हणायची. तिला चष्म्याची लाज कधी नव्हती. पण पावसात स्कूटी चालवताना काचांवर पाणी, तोंडाला रुमाल बांधला की काचांवर वाफ, उन्हाळ्यात घामाने नाकावरून घसरगुंडी. मागच्या दिवाळीनंतर तिने लेझरचं मनावर घेतलं. ती, माझी बहीण आणि मी असे तिघं यवतमाळहून एसटीने कळंब, देवळी, वर्धा करत नागपूरला गेलो. साधारण दीडशे किलोमीटर. मी सोबत वही ठेवली होती. वहीत जे जमलं, ते इतकं गमतीचं आणि कामाचं आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

सणाच्या जेवणातलं उरलेलं

डोळ्याच्या लेझरची गोष्ट एका भारतीय माणसाच्या उरलेल्या जेवणापासून सुरू होते. रंगास्वामी श्रीनिवासन, जन्म 1929, मद्रासचे. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत संशोधक. त्यांच्याकडे अतिनील किरणांचा एक नवा लेझर आला होता. प्लास्टिकवर तो सुरेख नक्षी कोरायचा. जिवंत शरीराच्या मांसावर, हाडावर काय करेल? 1981 च्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी टर्की शिजली. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन उरलेले तुकडे घेऊन प्रयोगशाळेत हजर. साध्या हिरव्या लेझरने एक तुकडा करपला. नव्या लेझरने मात्र धारदार पात्याने कापावी तशी स्वच्छ खाच पडली, कडेला जळका डाग नाही. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सोबती. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी हे पाहिलं आणि 1983 मध्ये ट्रोकेल, श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागावरचा शोधनिबंध छापला. तिथून सगळं सुरू झालं. मद्रासच्या त्या माणसाचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या लेझरचं नाव एक्झायमर. अरगॉन आणि फ्लोरीन हे दोन वायू एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. विजेचा दणका दिला की क्षणभर हातात हात घेतात आणि सोडताना 193 नॅनोमीटरचा किरण देतात. हा किरण जाळत नाही, रेणूंचे जोड तोडतो. डोळ्याच्या अगदी वरच्या थरातच शोषला जातो, आत पोचतच नाही. मोबाइलच्या आतल्या चिपवर बारीक रेघा कोरायलाही हाच 193 नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. म्हणजे खिशातला फोन आणि भाचीचा डोळा, दोघांवर एकाच जातीच्या उजेडाने कोरीव काम केलेलं.

आणि हो, टेबलावर झोपल्यावर पेशंटला जो लुकलुकणारा हिरवा किंवा लाल ठिपका दिसतो, तो लेझर नव्हे. तो फक्त नजर खिळवून ठेवायला. खरा लेझर डोळ्याला दिसतच नाही.

केसाएवढी माती उकरायची

लेझर नेमकं करतं काय? डोळ्याच्या समोरचा जो पारदर्शक भाग, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, मराठीत पारपटल. डोळ्यात शिरणारा उजेड वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम हे पटलच करतं, आतलं भिंग नव्हे. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. त्याला लागणारा प्राणवायू ते अश्रूंच्या थरातून थेट हवेतून घेतं. लेझर या पटलाचा मधला भाग किंचित सपाट करतं, की दूरचं चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बरोबर पडतं. एका नंबरमागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन उकरावे लागतात. मायनस पाचला सुमारे 70 मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी अंदाजे तेवढीच! तेरा वर्षं नाकावर वागवलेलं ओझं केसाएवढं होतं.

पण पटलच मुळात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. इथे आपल्या मुलखाचा एक आकडा फार मोलाचा आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. विनय नांगिया यांच्या पुढाकाराने 2006 ते 2008 या काळात नागपूरजवळच्या खेड्यांमधल्या तिशीपुढच्या 4,711 माणसांचे डोळे तपासले गेले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने तो अभ्यास जगभर वाचला जातो. त्यात पटलाची सरासरी जाडी निघाली 514 मायक्रॉन. गोऱ्या लोकांची सरासरी 540 च्या वर धरतात. म्हणजे विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यावर उकरायला माती मुळात थोडी कमी.

भाचीचा हिशेब डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवला. जाडी 520. वरची पापुद्र्यासारखी चकती उचलायला 110. नंबर काढायला 70. उरले 340. किमान 250 उरायलाच हवेत, आणि सावध डॉक्टर 300 धरतात. पास. पण नंबर मायनस नऊ असता, तर उरले असते 280-285, आणि मग लेझर नाही, दुसरा काही मार्ग काढावा लागला असता. शेतात विहीर खणण्याआधी आपण पाणाड्या आणतो, खडक कुठे लागेल ते पाहतो, मग पैसा ओततो. इथे तर पुन्हा बुजवायचीही सोय नाही. म्हणून सांगतो, ज्या दवाखान्यात ही मोजणी घाईने उरकतात तिथून उठून यावं. नकाशासारखी रंगीत टोपोग्राफी काढली का, जाडी मोजली का, अश्रू पुरेसे आहेत का हे पाहिलं का, एवढं विचारायला कुणाची भीती नको.

या मोजणीत काही जण नापास होतात आणि ते फार चांगलं असतं. अठराच्या आतले, नंबर अजून बदलत असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, आणि ज्यांचं पटल शंकूसारखं पुढे येऊ लागलंय असे. त्या आजाराला केराटोकोनस म्हणतात आणि डोळे चोळण्याच्या सवयीशी त्याचं नातं आहे. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्या, कपाशीच्या तंतूंनी डोळे खाजणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगायला हवं. खाज आली तर थंड पाण्याची पट्टी ठेवा, मुठीने चोळू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. लेन्स पटलाचा आकार दाबून बदलते. म्हणून मोजणीआधी मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बरेच दिवस काढून ठेवावी लागते.

टेबलावरची वीस मिनिटं

सुई नाही, टाके नाहीत, भूल म्हणजे फक्त थेंब. दोन्ही डोळ्यांचं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्यात प्रत्यक्ष उकरणारा लेझर एका डोळ्यावर मिनिटभरही नसतो. आम्हाला बाहेर पडद्यावर सगळं दिसत होतं. बहिणीने पदराचं टोक तोंडात धरलेलं.

पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा बारीक चिमटा. मग डोळ्यावर एक कडं बसतं, ते हवा खेचून डोळा घट्ट धरतं. तेव्हा दाब वाढतो आणि काही क्षण दिसणं मंद होतं, कधी पूर्ण अंधार. भाची म्हणाली, घाबरण्यासारखं तेवढंच, आणि तेही आधी सांगितलं असेल तर नाही. त्यानंतर पापुद्रा उचलतात. लगेच टिकटिक आवाज आणि केस जळाल्यासारखा वास. जळत काहीच नसतं. तुटून उडालेल्या कणांचा तो वास. आपला डोळा हलला तर? यंत्र दर सेकंदाला शेकडो वेळा बाहुलीचा माग काढतं, थोडं हललं तर किरणही हलवतं, जास्त हललं तर आपणहून थांबतं.

पापुद्रा कापणाऱ्या दुसऱ्या लेझरची कहाणी तर चित्रपटात शोभावी. त्याचं एक स्पंदन फेमटोसेकंदात मोजतात. एक फेमटोसेकंद एका सेकंदापुढे तेवढाच, जेवढा एक सेकंद तीन कोटी वर्षांपुढे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा लेझर चुकून गेला. तपासणारे तरुण डॉक्टर रॉन कुर्ट्झ चकित झाले, कारण आतली जखम विलक्षण नेटकी होती, आजूबाजूला इजा नाही. हा लेझर कुणाचा, असं विचारत ते थेट प्रयोगशाळेत गेले आणि त्यातून डोळ्याचं नवं हत्यार घडलं. अशा स्पंदनांची पद्धत शोधणाऱ्या जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

लेझरचे प्रकार तीन, आणि दवाखान्यात जाण्याआधी ते माहीत असलेले बरे. पापुद्रा उचलून करतात तो लॅसिक. पापुद्रा न करता वरची साल खरवडून करतात तो पीआरके. त्यात दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात आणि नजर हळूहळू उघडते. तिसरा स्माइल. त्यात आतल्या आत आपल्याच पटलाची इवली चकती कापून दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढतात. कबड्डी-कुस्तीवाल्या पोरांनी पापुद्र्याचा प्रकार शक्यतो टाळावा, कारण तो पापुद्रा पहिल्यासारखा पक्का कधीच चिकटत नाही आणि जोराचा मार बसला तर कित्येक वर्षांनंतरही सरकू शकतो. ज्या विदर्भाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडून जगाला कबड्डी दाखवली, तिथे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

कांदा, झोप आणि गणेशपेठ

बाहेर आल्यावर पहिले चार-सहा तास वाईट. पन्नास कांदे एकदम चिरल्यासारखी आग, घळाघळा पाणी, उजेड सोसवत नाही, काचेच्या ग्लासातून ताक दिसावं तसं सगळं दुधाळ. यावर सर्वांत भारी औषध झोप. नातेवाइकांकडे पोचल्यावर भाची जेवली आणि डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या चिकटवून झोपली. बहीण रात्रभर अर्धवट जागी. झोपेत हात वर गेला की ही म्हणायची, “चोळू नको नं बाप्पा.” डोळ्यात तेल घालून पहारा कशाला म्हणतात ते त्या रात्री पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि आम्ही गणेशपेठच्या बसस्थानकावर आलो. गाड्यांची रांग, धूर, माणसं. मी चष्मा सावरून पाट्या शोधत होतो. काळा गॉगल घातलेल्या भाचीने माझी बाही ओढली. “मामा, ते पाहा नं, आपली गाडी. चौथी.” पाटीवर ‘यवतमाळ’ आणि खाली बारीक अक्षरात ‘मार्गे वर्धा, कळंब’. बारीक अक्षर मला दिसत नव्हतं. तिने वाचून दाखवलं आणि सवयीने नाकाशी बोट नेऊन नसलेला चष्मा वर केला.

गाडीत अंधार पडल्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती तिला चंद्राच्या खळ्यासारखी कडी दिसू लागली. हेही आधी सांगून ठेवलेलं होतं. अंधारात बाहुली मोठी होते, कोरलेल्या भागाच्या कडेवरून उजेड आत शिरतो, म्हणून कडी. बहुतेकांची काही महिन्यांत विरतात. डोळ्याच्या पांढऱ्यावर लाल डाग दिसला तर तो टेबलावर डोळा धरणाऱ्या कड्याच्या दाबाचा, दोनेक आठवड्यांत जातो. कोरडेपणा मात्र तीन ते सहा महिने पाठ सोडत नाही, कारण पापुद्रा करताना पटलाचे मज्जातंतू तुटतात आणि ते पुन्हा वाढायला वेळ घेतात. तोवर डोळ्याला आपण कोरडे पडलोय याची वर्दीच नीट पोचत नाही. मोबाइल पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते, म्हणून त्या दिवसांत फोन लांब ठेवावा.

2009 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला, त्यात लॅसिक झालेल्यांपैकी 95.4 टक्के लोक समाधानी होते. उरलेल्यांच्या तक्रारी बहुतेक याच, कोरडेपणा आणि रात्रीची कडी. शंभरात चार-पाच माणसं म्हणजे थोडी नव्हेत. म्हणून संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा.

थेंब कडू का लागतो

औषध डोळ्यात, चव घशात! डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक नळी आहे, ती नाकात उतरते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळेच. थेंब घातल्यावर मिनिटभर तो कोपरा बोटाने हलकेच दाबून धरा, औषध डोळ्यातच राहतं आणि तोंड कडू होत नाही. पापणीच्या आत जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं, बाटलीचा एक थेंब त्याहून मोठा असतो. दोन थेंब घातले तर दुसरा गालावरच जातो. आणि दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

आमच्या जिल्ह्याचं पंचांग

शहरातल्या माहितीपत्रकात ‘धूळ टाळा’ एवढंच लिहितात. यवतमाळात धूळ टाळायची म्हणजे कधी? म्हणून भाचीने आणि मी महिने वाटून घेतले. एप्रिल-मे नको. पारा 45 च्या घरात, वावटळी, आणि पीआरके झालेल्या डोळ्याला कडक ऊन तर मुळीच मानवत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. 2017 च्या त्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले, काहींची नजर अधू झाल्याच्या बातम्या आल्या. सेंद्रिय फॉस्फरस गटाची विषं बाहुली आकसवतात आणि नजर अंधुक करतात. धड डोळ्यालाही जे धोक्याचं, तिथे ताज्या जखमेचा डोळा घेऊन जाऊच नये. घरच्या दुसऱ्या कुणाला तरी पंप घेऊ द्यावा, किंवा ऑपरेशन पुढे ढकलावं. दुर्गोत्सवाच्या विसर्जनाचा गुलाल नको, होळीचा रंग नको. लग्न ठरलेल्या मुलींनी हळदीच्या आठवड्यात लेझर करू नये. हळद, होमाचा धूर, काजळ आणि मेकअप, चारही वैरी एका मांडवात. निदान दोन-तीन महिने आधी उरकावं.

आम्हाला सांगितलेली पथ्यं अशी: आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही, झोपताना वाट्या, महिनाभर काजळ आणि पोहणं बंद, बाहेर पडताना बाजूने झाकणारा गॉगल. भाची वर दुपट्टाही बांधायची. दुखणं वाढलं, नजर अचानक उतरली किंवा चिपडं येऊ लागली, तर नागपूरच्या गाडीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग आहेच.

आजीचं ‘लेझर’

गावात कुणी म्हणतं, आमच्या आजीचा मोतीबिंदू लेझरने काढला. बहुतेक वेळा तो लेझर नसतो, ध्वनी असतो. फेको म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून ओढून घेणं. चार्ल्स केलमन या डॉक्टरांना ही युक्ती दात साफ करायला बसले असताना दंतवैद्याच्या यंत्रावरून सुचली आणि 1967 मध्ये त्यांनी ती आणली. पुढे कधी बसवलेल्या भिंगामागचा पडदा धूसर झाला तर तो पाच मिनिटांत साफ करतात, ते मात्र खरं लेझर.

लेझर करण्याआधी भरतीच्या पोरांनी जाहिरात वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या जाहिरातींत लॅसिक झालेला उमेदवार चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सैन्यात भरतीनुसार नियम वेगळे. ऑपरेशन झाल्यावर ते लपत नाही, तपासणीत दिसतंच.

लेझर झालेल्यालाही नेत्रदान करता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पूर्ण जाडीच्या रोपणाला ते पटल घेत नाहीत, पण पटलाचा आतला थर दुसऱ्या कुणाला उपयोगी पडू शकतो. भाचीने अर्ज भरलाय.

आणि चाळिशी? आपल्या भाषेने त्या चष्म्याला वयाचंच नाव देऊन ठेवलंय. आतलं भिंग चाळिशीच्या आसपास ताठर होतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. लेझर पटलावर झालेलं असतं, भिंगावर नव्हे, त्यामुळे चाळिशी यायची ती येणारच. मायनसवाल्यांचा डोळा मुळात लांबट असतो, तोही लांबटच राहतो. म्हणून वर्षातून एकदा मागचा पडदा तपासायला जायचं, चष्मा गेला तरी.

पुढे साठीत मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर विचारतील, लेझरआधी पटल कसं होतं? कोरलेल्या पटलावर नेहमीचं गणित चुकतं. काचबिंदू तपासतानाही पातळ पटलावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. बहिणीने हे ऐकलं आणि घरी पोचल्यावर चहाच्याही आधी लोखंडी कपाट उघडलं. भाचीच्या टोपोग्राफीचे रंगीत कागद, जुना नंबर, 520 चा आकडा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलं.